हसवणाऱ्या बाईचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठवला तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय बोलणार? शाळेत तीस वर्षे मुलांना गप्प बसवण्यातच माझा गळा गेला." त्यावर त्या म्हणाल्या, "विषय कोणताही घ्या, पण गंभीर नको. मागच्या वर्षी पाहुण्यांनी मधुमेहावर भाषण केले आणि नंतर पेढ्यांच्या ताटाला कोणी हात लावला नाही." तेव्हा आजचे पेढे वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी मी विनोदाचा विषय घेतला आहे. मात्र विनोद म्हणजे हलकाफुलका विषय, अशी माझी जी समजूत होती ती गेल्या काही वर्षांत पार बदलली. कशी, तेच सांगते.

आमची सून टेलिव्हिजनसाठी विनोदी लेखन करते, अधूनमधून छोटी कामेही करते. तुमच्यापैकी पुष्कळजणींना हे ठाऊक आहे, कारण "तुमच्या सुनेला पाहिले हो काल," असे भाजीच्या गाडीवर मला नेहमी ऐकवतात. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग मुलाचे कोण पाहते?" आमच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. तोही सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि रात्री नऊला येतो.

खरे सांगायचे तर तो प्रश्न मीही विचारत होते, आणि घरातच विचारत होते. परंतु त्याकडे मी मागाहून येते. आधी मला ज्या बाईंविषयी बोलायचे आहे त्यांची ओळख करून देते. त्यांचे नाव ल्यूसिल बॉल. अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवर 'आय लव्ह ल्यूसी' नावाची विनोदी मालिका १९५१ ते १९५७ या काळात चालली, तिच्या त्या नायिका. आपल्याकडे तेव्हा टेलिव्हिजन नव्हताच. दिल्लीला तो १९५९ मध्ये आला आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यामुळे ही बाई आपल्या पिढीला माहीत असण्याचे कारण नाही. मलाही नव्हती. सुनेच्या बाळंतपणात, ती रात्री मुलाला पाजत बसली असताना संगणकावर हे जुने भाग पाहायची. मी शेक घेऊन गेले की मलाही बसवून घ्यायची. ते फाडफाड इंग्रजी मला निम्मे कळत नव्हते. पण एका भागात ही बाई आणि तिची शेजारीण चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. समोरच्या पट्ट्यावरून चॉकलेटे येत असतात, ती कागदात गुंडाळायची. पट्ट्याचा वेग वाढतो तशी ती दोघींच्या हातून सुटू लागतात, मग त्या ती तोंडात कोंबतात, टोपीत कोंबतात, पोलक्यात कोंबतात. त्यासाठी इंग्रजी कशाला कळायला हवे? श्राद्धाच्या दिवशी पंगत बसलेली असताना पुऱ्या लाटणाऱ्या बाईची जी गत होते तीच ही. मी इतकी हसले की बाळ दचकून रडायला लागले आणि शेकाचा तवा निवून गेला.

ल्यूसिल बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाऊन या गावचा. वडील टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करीत. ते १९१५ मध्ये विषमज्वराने वारले तेव्हा ही मुलगी चार वर्षांचीही नव्हती. आजीआजोबांच्या आधाराने आईने तिला वाढवले. पंधरासोळाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत घातले, तर तिथल्या शिक्षकांनी कळवले की मुलगी फार बुजरी आहे, फी वाया घालवू नका. शिक्षिका म्हणून सांगते, असली पत्रे मीही पालकांना लिहिली आहेत. आता आठवले की अंगावर काटा येतो.

पुढे कपड्यांच्या दुकानासाठी मॉडेल, मग सिनेमात घोळक्यातली एक मुलगी, मग दुय्यम चित्रपटांची नायिका, अशी वीस वर्षे गेली. १९४० मध्ये त्यांनी डेसी अर्नाझ या क्यूबातून आलेल्या गायक-वादकाशी लग्न केले. तो वयाने सहा वर्षांनी लहान. मूल हवे होते, पण राहिलेले गर्भ टिकले नाहीत. अखेर १७ जुलै १९५१ रोजी मुलगी झाली. तेव्हा बाईंना चाळीस पुरी व्हायला तीन आठवडे कमी होते. आणि त्याच सप्टेंबरात, म्हणजे मुलगी दोन महिन्यांची व्हायच्या आत, 'आय लव्ह ल्यूसी'चे चित्रीकरण सुरू झाले. आपल्याकडे सव्वा महिना बाईला उंबरा ओलांडू देत नाहीत. ह्या बाई सव्वा महिना संपल्यावर उठून सरळ स्टुडिओत गेल्या म्हणायच्या.

आता ह्या मालिकेच्या जन्मामागे एक घरगुती हट्ट आहे, तो मला फार आवडला. रेडिओवर त्यांचा एक विनोदी कार्यक्रम चाले. तोच टेलिव्हिजनवर करा, असे सीबीएस कंपनीने म्हटले. बाई म्हणाल्या, करते, पण माझ्या नवऱ्याची भूमिका माझ्या नवऱ्यालाच द्या. तो बँड घेऊन गावोगाव फिरत असे आणि एका घरात राहूनही दोघांची गाठ पडत नसे. कंपनीला शंका, की गोऱ्या बाईचा क्यूबन नवरा लोकांना पटेल का? तेव्हा दोघांनी १९५० मध्ये एक प्रहसन बसवून ते निरनिराळ्या शहरांच्या रंगमंचांवर केले आणि लोकांना पटते हे दाखवून दिले. दुसरा हट्ट, आम्ही कॅलिफोर्नियातले घर सोडून न्यूयॉर्कला येणार नाही. त्या काळी असे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जात. कॅलिफोर्नियाहून पाठवले तर तिकडे चित्र अंधूक दिसायचे. मग तोड निघाली ती अशी, की सिनेमाच्या चांगल्या फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, सुमारे तीनशे प्रेक्षकांसमोर नाटकासारखे चित्रीकरण करायचे. खर्च वाढला म्हणून नवराबायकोंनी स्वतःच्या मानधनात कपात मान्य केली आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी स्वतःच्या 'डेसिलू' कंपनीकडे ठेवली. त्या वेळी तो वेडेपणा वाटला असेल. एकदा दाखवलेली फिल्म पुन्हा कोण पाहणार? पुढे त्याच फिल्म लाखो डॉलरांना विकल्या गेल्या. घराजवळ राहण्याच्या हट्टातून एवढा व्यवहार उभा राहिला, हे मी आमच्या अहोंना मुद्दाम दोनदा सांगितले.

बाईंचा विनोद आयत्या वेळचा नव्हता, हेही सांगायला हवे. आपल्याला वाटते, विनोदी माणूस म्हणजे सुचेल ते बोलणारा. ही बाई प्रत्येक हालचाल पुन्हापुन्हा घटवून घ्यायची. काच, भांडे, टोपी हातात कशी येते, किती जड आहे, ते आधी पाहायची. लेखकांच्या चमूत मॅडलिन प्यू नावाची एक तरुण बाई होती. उडी मारण्याचा किंवा कशात तरी अडकण्याचा प्रसंग लिहिला की तो बाईमाणसाला जमेल का, हे ती आधी स्वतः करून पाहत असे. चॉकलेटांच्या त्याच भागात शेजारी बसलेली बाईही खरोखरची चॉकलेट करणारी कारागीर होती. आमच्या सुनेने एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून फडताळात डोके अडकवून पाहिले, ते मी पाहिले तेव्हा मला वाटले हिला वेड लागले. आता कळते की ते कामच होते. फडताळाची कडी मात्र तेव्हापासून नीट बसत नाही.

आता मुख्य गोष्ट.

१९५२ मध्ये, मालिका ऐन भरात असताना, बाईंना पुन्हा दिवस गेले. कार्यक्रमाचे प्रमुख लेखक-निर्माते जेस ऑपनहायमर यांना सांगितल्यावर सगळ्यांना वाटले, आता मालिका बंद. कारण गरोदर बाई टेलिव्हिजनवर दाखवायची नाही, असा अलिखित दंडक. दाखवायचीच तर खुर्चीमागे उभी करा, टेबलामागे बसवा, असे सुचवण्यात आले. ज्या घरात नवराबायकोच्या खाटासुद्धा दोन वेगळ्या दाखवत, तिथे मूल कुठून आले हा प्रश्नच की! पण ऑपनहायमर यांचे म्हणणे, की लपवायचे कशाला, मालिकेतल्या ल्यूसीलाही मूल होऊ द्या. डेसी अर्नाझने पैसे पुरवणाऱ्या सिगारेट कंपनीच्या प्रमुखालाच पत्र लिहिले आणि परवानगी मिळवली. तरी 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारायचा नाही. 'वाट पाहत आहे' अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरायचा आणि भागाच्या नावात फ्रेंच शब्द घालायचा. शिवाय प्रत्येक संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बाय अशा तिघांनी वाचायची. तिघांनी वाचली, आणि तिघांनाही त्यात वावगे काही दिसले नाही.

हे वाचताना मला आपली भाषा आठवली. माझा स्वतःचा जन्म १९५३ च्या फेब्रुवारीतला. म्हणजे तिकडे ही बाई अवघडलेली असताना इकडे कोकणात माझी आई माझ्या वेळी अवघडलेली होती. आपल्याकडे तरी तो शब्द सरळ कोण उच्चारत होते? 'दिवस गेले', 'पाय जड आहेत', 'दोन जिवांची आहे', 'पोटुशी आहे'. माझी आजी तर नुसती दोन बोटे वर करायची. मात्र आपल्याकडे डोहाळजेवण असते. फुलांचे दागिने, झोपाळा, धनुष्यबाण हातात देऊन बसवणे, आणि बायका त्याच पोटावरून काय काय थट्टा करतात ते इथे सांगण्यासारखे नाही. म्हणजे माजघरात ते कौतुक आणि ओसरीवर आले की लाज. अमेरिकेत माजघर-ओसरीची भानगड नसेल अशी माझी समजूत होती. तिथेही होतीच.

ज्या भागात ल्यूसी नवऱ्याला ही बातमी सांगते तो ८ डिसेंबर १९५२ रोजी दाखवला गेला. ती दिवसभर त्याला सांगायला पाहते आणि प्रत्येक वेळी काही तरी आड येते. शेवटी तो ज्या क्लबात गातो तिथे ती जाते. त्याला चिठ्ठी आलेली असते की आमच्या घरी पाळणा हलणार आहे, एक गाणे म्हणा. तो टेबलाटेबलांपाशी जाऊन विचारतो, तुम्हीच का? तुम्हीच का? आणि पाहतो तो आपलीच बायको. तिथे दोघांना खरोखरच रडू आले. लिहिल्याबरहुकूम पुन्हा एकदा चित्रीकरण केले, पण शेवटी पहिलेच ठेवले. इतक्या वर्षांची वाट त्या रडण्यात होती. मी तो भाग पाहिला तेव्हा आमच्या सुनेकडे पाहण्याचे टाळले.

मालिकेतले मूल जन्माला आले तो भाग १९ जानेवारी १९५३ च्या रात्री दाखवला. त्याच दिवशी सकाळी बाईंना शस्त्रक्रियेने मुलगा झाला. शस्त्रक्रियेचा दिवस आधीच ठरला होता आणि तो भाग नोव्हेंबरातच चित्रित करून ठेवला होता. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो पाहिला. ज्या घरांत टेलिव्हिजन होता त्या शंभरांतल्या सत्तराहून अधिक घरांत त्या रात्री तोच चालू होता. दुसऱ्या दिवशी जनरल आयसेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी झाला, तो २ कोटी ९० लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला. बाळंतिणीपुढे सेनापती मागे पडला.

इथे एक दुरुस्ती करते. ही पहिलीच गरोदर नायिका, असे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. 'मेरी के अँड जॉनी' या मालिकेच्या नायिकेचे गरोदरपण १९४८ मध्येच कथेत आणले होते आणि तिचे खरे मूलही पुढे मालिकेत दाखवले. पण त्या वेळी टेलिव्हिजन फारच थोड्या घरांत होते. ज्याची दवंडी गावभर जाते तेच पहिले ठरते.

बाळंतपणात बाईंना विसावा मिळावा म्हणून पहिल्या वर्षाचे गाजलेले भाग पुन्हा दाखवले. लोकांनी ते पुन्हा आवडीने पाहिले. जुने भाग परत दाखवण्याची जी पद्धत आज सगळीकडे आहे तिला त्यातून बळ मिळाले. म्हणजे दुपारी आपण जेवल्यावर जे पुनःप्रक्षेपण पाहतो त्याच्या मुळाशी एका बाळंतिणीची रजा आहे. फिल्मची मालकी हातात होती म्हणून ती रजा घेता आली, हेही विसरू नका.

आता मी माझ्या घरात येते.

१९७८ सालच्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीत एक फार्स बसवला होता. त्यात मोलकरणीची भूमिका माझ्याकडे होती. तालमी छान चालल्या होत्या. माझ्या एका वाक्याला तर पेटी वाजवणारे गृहस्थसुद्धा वाजवायचे थांबून हसत. मला पाचवा महिना होता, पण लुगड्यात काही दिसत नव्हते. तालमीत एकदा चक्कर आल्यासारखे झाले आणि बातमी फुटली. उत्सव समितीतले एक गृहस्थ घरी आले आणि माझ्याशी नव्हे, माझ्या सासऱ्यांशी बोलले, की या अवस्थेत सूनबाईंनी रंगमंचावर लोकांना हसवणे बरे दिसणार नाही. सासऱ्यांनी मान डोलावली. भूमिका दुसऱ्या एका गृहस्थांनी लुगडे नेसून केली. आपल्याकडे ही सोय फार जुनी. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त विजय चव्हाणांनी मावशी अशी रंगवली की खऱ्या मावशीने तोंडात बोट घालावे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्री पडद्यामागे बसून माझेच वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. हशा आला, पण एक क्षण उशिराने आला. त्यांनी 'बाई गं'वर थांबायला हवे होते, ते थांबले नाहीत. सत्तेचाळीस वर्षांच्या आसपास झाली, अजून ते थांबलेले नाहीत असे मला वाटते. पुन्हा मी रंगमंचावर गेले नाही. मुलगा झाला, शाळा होती, सासूबाईंचे दुखणे निघाले. कोणी बोलावले नाही आणि मीही विचारले नाही.

ही गोष्ट मी सुनेला कधी सांगितली नव्हती. २०१७ मध्ये तिला दिवस गेले तेव्हा एका मालिकेत तिची नणंदेची छोटी विनोदी भूमिका चालू होती. तिने होऊन कळवले. दोन आठवड्यांनी त्या नणंदेला मालिकेत 'गावी' पाठवले. ते गाव कुठले, ते शेवटपर्यंत कळले नाही. नणंद तिथून परत आलीच नाही. नोकरदार बायकांसाठी तेव्हा १९६१ चा प्रसूति-लाभ कायदा होता, आणि त्याच २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली. पण दिवसाच्या हिशेबाने करारावर काम करणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले प्रत्यक्ष काय पडते, ते तिचे तिलाच ठाऊक. सून त्या रात्री जेवली नाही. आणि मी, जिला हे सगळे स्वतःच्या अनुभवाने कळायला हवे होते, मी काय म्हणाले? "बरंच झालं. आता घरी विश्रांती घे." माझ्या सासऱ्यांची मान माझ्या मानेवर येऊन बसली होती.

मूल दीड वर्षाचे झाल्यावर तिने लिहायला सुरुवात केली. लेखन घरी करता येईल असे तिला वाटले. पण विनोदी कार्यक्रमाचे लेखन तालमीत बसून बदलावे लागते, असे दिसले. एक वाक्य नटाच्या तोंडी बसत नाही, दुसरे हवे, ते आत्ता हवे. एकदा नातवाला एकशे दोन ताप होता. हिचे चित्रीकरण होते, रात्री एक वाजता घरी आली. मी दारातच म्हणाले, "लोकांना हसवायला जातेस आणि पोर इथे रडतंय." ती काही बोलली नाही. हातपाय धुऊन मुलाजवळ बसली. पहाटे मी पाहिले तर मुलाचे डोके तिच्या मांडीवर, कपाळावर ओली पट्टी, आणि दुसऱ्या हाताने ती कागदावर काही तरी खरडत होती. मला तेव्हा त्याचाही राग आला.

महिन्याभराने तिने लिहिलेले प्रहसन टेलिव्हिजनवर लागले. त्यात एक सासू होती. नातवाला ताप आला की ती थर्मामीटर असा झटकते की तो खिडकीतून जातो, मग दुसरा, मग तिसरा, आणि खाली उभा असलेला वॉचमन ते गोळा करून औषधवाल्याला विकतो. सासू सुनेला म्हणते, "तुझ्या पायगुणानं पारा चढतो." सगळे घर हसत होते. मीही हसले, आणि मध्येच कळले की तो झटका माझा आहे. मी तस्साच झटकते. सून तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहत होती. मी म्हटले, "पारा चढतो म्हटल्यावर सासूनं जरा थांबायला हवं होतं. मग वॉचमन दाखवायचा." ती म्हणाली, "आई, तुम्हांला कसं कळलं? मी हेच सांगत होते त्यांना!" तेव्हा मी तिला १९७८ च्या गणपतीची गोष्ट सांगितली. रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो. अहो दोनदा पाणी प्यायला उठून गेले.

ल्यूसिलबाईंची गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती, पण ते खोटे होईल. त्या मालिकेतही मला न आवडणारे पुष्कळ आहे. ल्यूसीला रंगमंचावर जायचे असते आणि दर आठवड्याला फजिती होऊन ती स्वयंपाकघरात परत येते. काही भागांत नवरा तिला मांडीवर आडवी घालून चापट्या मारतो आणि लोक हसतात. मला नाही हसू आले. आणि हे सोंग करणारी बाई तेव्हा देशातली सर्वांत लोकप्रिय नटी! सहा हंगामांपैकी चार हंगाम तिची मालिका पहिल्या क्रमांकावर होती. खऱ्या घरात नवऱ्याचे पिणे आणि बाहेरचे नाद वाढत गेले. १९६० मध्ये घटस्फोट झाला. नवऱ्याजवळ राहता यावे म्हणून उभी केलेली मालिका, तिच्यानेही ते घर टिकले नाही. १९६२ मध्ये बाईंनी त्याचा हिस्सा विकत घेतला आणि एवढा मोठा स्टुडिओ चालवणाऱ्या हॉलिवूडमधल्या त्या पहिल्या स्त्री झाल्या. 'स्टार ट्रेक' ही गाजलेली मालिका त्यांच्याच स्टुडिओची. १९६७ मध्ये त्यांनी तो १ कोटी ७० लाख डॉलरांना विकला.

आणि मुले? ती बरीचशी दाई आणि आजीच्या हाताखाली वाढली. १९६८ मध्ये बाईंनी 'हिअर्स ल्यूसी' ही नवी मालिका काढली आणि त्यात विधवा आईच्या दोन मुलांच्या भूमिकांत स्वतःचीच दोन्ही मुले घेतली. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा पंधराचा. घरी वेळ देता येत नाही तर मुलांनाच कामावर न्यावे, असा हा हिशेब. शेतावर जाणारी बाई मूल झोळीत घालून नेते, त्यातलाच. मुलगी शेवटपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, टिकली. मुलगा तीन हंगामांनी बाहेर पडला. तरुणपणी तो व्यसनांत सापडला आणि त्यातून बाहेर आल्यावर स्वतःच उघडपणे त्याविषयी बोलला. आई घरी असती तर तसे झाले नसते काय? मला ठाऊक नाही. माझ्या शाळेत चोवीस तास घरी असणाऱ्या आयांचीही बिघडलेली मुले होती, आणि कधी घरी नसणाऱ्या बापांचीही. मुलीने १९९३ मध्ये घरच्या जुन्या फिल्म जमवून आईवडिलांवर माहितीपट केला. त्यात तिने संसारातले बिनसलेले झाकून ठेवलेले नाही, आणि तरी तो मायेने केला आहे. बाई त्याआधीच, २६ एप्रिल १९८९ रोजी, गेल्या होत्या.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटली ती ल्यूसिलबाईंची आई. डीडी म्हणत तिला. लेकीच्या चित्रीकरणाला ती प्रेक्षकांत येऊन बसायची. ल्यूसी काही उपद्व्याप करायला निघाली की ती हमखास "अ‍ओ!" करायची, आणि तो आवाज कित्येक भागांत ध्वनिमुद्रित झालेला आहे. सुनेने मला तो ऐकवला. लोक हसत असतात आणि त्यात एका म्हातारीचा काळजीचा आवाज. आम्ही तो तीनचार वेळा मागे नेऊन ऐकला.

आता आपल्याकडे पुष्कळ बदलले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी केलेली कामे पाहा. लुगडे नेसलेल्या पुरुषाची गरज पडत नाही. पण "मुलाचे कोण पाहते?" हा प्रश्न भाजीच्या गाडीवर अजून उभा आहे. तेव्हा उत्तर देऊन टाकते. सोमवार ते गुरुवार मी पाहते. शुक्रवारी अहो पाहतात, आणि त्या दिवशी मुलगा दप्तराशिवाय शाळेत जातो. शनिवार-रविवारी मुलाचा बाप पाहतो. चित्रीकरण नसेल तेव्हा आई पाहते. गेल्या महिन्यात मी आणि नातू दोघे चित्रीकरणाला जाऊन प्रेक्षकांत बसलो होतो. एका प्रसंगात नटी पाय घसरून परातीत बसते. ते आधी ठाऊक असूनही माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने मागे वळून पाहिले. मला वाटले, आता बाहेर काढणार. तर सुनेने त्याला खूण केली, राहू दे.

तो भाग पुढल्या आठवड्यात लागायचा आहे. लक्ष देऊन ऐका.

ती आज इथे यायची होती, पण तालीम लांबली असा मघाशीच निरोप आला. आणि आज गुरुवार आहे. नातवाचा तबल्याचा वर्ग सहाला सुटतो, त्याला आणायला मला निघायला हवे. चिटणीसबाई, दोन पेढे तेवढे कागदात बांधून द्या.